परसातले करवंद : बिनकर्जाचे कुंपण

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात एका कोरडवाहू शेतकरी कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



सकाळपासून आपण कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, वीज आणि कर्ज यांवर बोलतो आहोत. ते बोलायलाच हवे. मला मात्र दुपारची ही वेळ वेगळ्या कामासाठी दिली आहे. ज्याला हमीभाव नाही, पीकविमा नाही, पीककर्ज नाही आणि ज्याच्यासाठी आजवर एकही मोर्चा निघालेला नाही, अशा एका झुडपाबद्दल मी बोलणार आहे. ते झुडूप म्हणजे करवंद.

हसलात, बरे झाले. करवंद म्हटले की लहानपण आठवते. डोंगरात हिंडायचे, काट्यांनी हात ओरबाडून घ्यायचे, ओठ चिकाने चिकट करायचे आणि फळ फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी म्हणायचे. हा खेळ आपण सगळ्यांनीच खेळलेला आहे. मी सांगणार आहे ती गोष्ट मात्र खेळाची नाही. तीत माझी एक चूक आहे. ती मी आधी कबूल करतो, मग कामाचे सांगतो.

माझी चूक

आमचे गाव बालाघाटाच्या डोंगराच्या पायथ्याशी. घरामागे परस आहे, चाळीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब. त्या परसाला माझ्या आजीच्या वेळचे करवंदाचे कुंपण होते. कुणी लावले, कधी लावले, कुणालाच ठाऊक नाही. बी डोंगरातून आणले असणार एवढेच.

सन 1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. ज्वारीचे ताट गुडघ्याएवढे होऊन वाळून गेले होते. विहिरीला तळ दिसत होता. गावातली माणसे खडी फोडायला जात, आम्ही पोरे शाळेत सुकडीची वाट बघत बसत असू. परसातली शेवग्याची पाने गळाली, लिंबोणी वाळली, वेलांचा तर पत्ताच नव्हता. गावात हिरवे असे काही उरले नव्हते. आमच्या परसाचे कुंपण मात्र हिरवे होते. पाने थोडी लहान झाली, तेज थोडे कमी झाले, पण गळाली नाहीत. आणि पुढच्या वैशाखात त्याला फळसुद्धा आले. नेहमीपेक्षा बारीक होते, कमी होते, पण आले.

मी मोठा झालो, कारभार हातात आला. 1985 साली कापसाने साथ दिली. हातात चार पैसे आले आणि डोक्यात हवा गेली. तालुक्याला काही घरांना लोखंडी अँगल आणि काटेरी तारेचे कुंपण पाहिले होते. आपल्याही घराला तसे पाहिजे असे वाटायला लागले. दोन गडी लावले आणि तीन दिवसांत आजीच्या वेळचे कुंपण मुळासकट काढून टाकले. अँगल आणि तार आणली. निम्मे पैसे रोख दिले, निम्मे उधार ठेवले. त्या उधारीचे व्याज दोन वर्षे भरत होतो.

आई काही बोलली नाही. त्या काळी पोराने कारभार घेतला की आया बोलत नसत. संध्याकाळी ती त्या तारेजवळ उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, "तारंला काय करवंद लागतंय का रे बाबा?" मी हसण्यावारी नेले.

पुढे काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. तार पहिल्या वर्षी ताठ होती. दुसऱ्या वर्षी म्हशींनी अंग घासून ढिली केली. तिसऱ्या वर्षापासून शेळ्या खालून यायला लागल्या. मग गंज चढला. एका रात्री कुणीतरी दोन अँगल उपटून नेले. आठ-नऊ वर्षांत कुंपण संपले, आणि जे काढून टाकले होते ते परत मिळणारे नव्हते.

एवढीच गोष्ट असती तर मी ती इथे सांगितली नसती. आई 1999 साली गेली. दिवसकार्य झाल्यावर बहीण माझ्याजवळ बसली आणि तिने विचारले, "दादा, खरं सांग. मला पंचमीला चोळी-बांगडीचे पैसे द्यायला आईला तू मना केलं होतंस का?" मला काही कळेना. मग उलगडा झाला. आई दर वैशाखात करवंदे तोडायची. कच्ची लोणच्यासाठी, पिकलेली खाण्यासाठी. दोन-तीन आठवडी बाजार शेजारणीबरोबर पाठवायची. त्याचे पैसे तिच्या कनवटीला असायचे. घरातल्या कापसाच्या पैशाला तिचा हात कधी लागला नाही, ज्वारी विकली तरी पैसे बाबांकडे. करवंदाचे पैसे मात्र तिचे. नागपंचमीला लेक माहेरी आली की त्यातून तिच्या हातावर ठेवायची. 1985 नंतर ते बंद झाले. आईने लेकीला कारण सांगितले नाही आणि बहीण चौदा वर्षे असे समजत राहिली की भावानेच हात आखडला.

भावांनो, मी कुंपणाचा हिशेब केला होता. अँगल किती, तार किती, मजुरी किती. त्या हिशेबात आईचे पैसे कुठेच नव्हते, कारण ते पैसे आहेत हेच मला माहीत नव्हते. आपण सरकारला नेहमी म्हणतो की तुम्ही शेतकऱ्याच्या खर्चाचा हिशेब धरत नाही. आपल्या घरात आपण कुणाचा हिशेब धरत नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला.

हे झाड दुष्काळात टिकते कसे?

2004 साली मी परसाला पुन्हा करवंद लावायला घेतले. त्यातही चुका केल्या, त्या पुढे सांगतो. आधी हे झाड समजून घेऊ.

करवंद आपल्याच मातीतले आहे. कोकणापासून बालाघाट आणि सातपुड्यापर्यंत डोंगरउतारावर, मुरमाड आणि खडकाळ जमिनीत ते आपोआप उगवते. कण्हेरीच्या कुळातले आहे, म्हणून फांदी मोडली की पांढरा चीक येतो. पण कण्हेर विषारी आहे, करवंदाचे फळ आपण खातो. त्याचे पान बघा. जाड, चिवट, वरून चकचकीत. ही चकाकी म्हणजे पानावरचा मेणासारखा थर आहे. त्यामुळे पानातले पाणी उन्हात लवकर उडून जात नाही. मुळे खोल जातात. आणि हे झाड उधळेपणा करत नाही. पाऊस बरा झाला म्हणून दोन महिन्यांत माणसाएवढे वाढायचे आणि उन्हाळ्यात मान टाकायची, असला त्याचा स्वभाव नाही. हळू वाढते आणि जे वाढते ते टिकवते.

बारा महिने हिरवे असल्यामुळे त्याचा दुसरा फायदा होतो. चैत्र-वैशाखात वावटळी सुटतात, शेतातली माती घरात येते. तेव्हा बाकीची झाडे उघडी पडलेली असतात. करवंदाची भिंत तेवढी उभी असते. परसातल्या कोथिंबिरीला, मेथीला, कोंबड्यांना आडोसा मिळतो. बुलबुल घरटे करतात आणि त्यांच्या वाट्याची फळेही खातात. खाऊ द्यात.

मी लावलेल्या कुंपणाने 2013 चा दुष्काळ पाहिला आणि 2016 चाही पाहिला. 2016 म्हणजे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते वर्ष. आमच्या गावात टँकर होता. त्या दोन्ही उन्हाळ्यांत कुंपणाला मी एक तांब्याही पाणी घातले नाही, कारण घालायला नव्हतेच. एकही झाड मेले नाही.

पण हे ऐकून कुणी असे समजू नका की करवंदाला पाणी लागतच नाही. मोठ्या झाडाला लागत नाही. रोपाला लागते. पहिले दोन उन्हाळे पाणी दिलेच पाहिजे. 'दुष्काळात टिकणारे झाड' म्हणून रोप लावून विसरून गेलात तर होळीपर्यंत काटकी उरेल आणि मग तुम्ही मला शिव्या द्याल.

लावायचे कसे?

आता कामाचे सांगतो. बायाबापड्यांनी नीट ऐकावे, कारण हे काम बहुधा त्यांच्याच हातून होणार आहे.

पहिली गोष्ट बियाण्याची. बी विकत घ्यायची गरज नाही. वैशाख-ज्येष्ठात पूर्ण पिकलेली काळी करवंदे आणा. ज्या झुडपाला भरपूर आणि मोठी फळे असतात, त्याचीच घ्या. गर खाऊन टाका, बिया पाण्यात चोळून धुवा आणि एक-दोन दिवस सावलीत सुकवा. उन्हात नको. मग आठवड्याच्या आत पेरा. करवंदाचे बी ज्वारीसारखे कणगीत ठेवता येत नाही. जुने झाले की उगवत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात. बी डब्यात ठेवतात, पुढच्या वर्षी पेरतात आणि मग म्हणतात, करवंद उगवतच नाही.

दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ठेवा. खाली तीन-चार भोके पाडा. माती, थोडी वाळू आणि कुजलेले शेणखत भरा. प्रत्येक पिशवीत दोन बिया टाका. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. पहिले वर्ष रोप अगदी हळू वाढते. वीतभर झाले तरी समाधान माना. वर्षभर पिशवीत सावली-उन्हात सांभाळा आणि पुढच्या मृगाच्या पावसानंतर जमिनीत लावा. फांदीची काडी खोचून करवंद सहसा लागत नाही, तो खटाटोप करू नका. गुटी कलम करता येते, पण कुंपणासाठी बियांची रोपेच बरी. बियांचे रोप स्वस्त पडते आणि त्याचे मूळ खोल जाते.

दुसरी गोष्ट जमिनीची. इथे मी पहिल्या वर्षी फसलो. 2004 साली परसाच्या सखल बाजूला, काळ्या मातीत, पन्नास रोपे लावली. श्रावणात झड लागली, चार दिवस पाणी साचून राहिले. तीस रोपांची मुळे कुजली. करवंद उन्हाला भीत नाही, साचलेल्या पाण्याला भिते. आपली कापसाची जमीन भारी, चिकण. तिथे सपाटीवर करवंद लावू नका. दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणा, त्यात मुरूम आणि शेणखत मिसळून भरा आणि वर वीतभर उंचीचा वरंबा करा. रोप त्या वरंब्यावर लावा. हलकी, मुरमाड जमीन असेल तर एवढे करावे लागत नाही. जिथे कापूस नीट येत नाही, तिथे करवंद आनंदाने येते.

तिसरी गोष्ट अंतराची. कुंपणासाठी दोन फुटांवर एक रोप. आमच्या परसाचा घेर 180 फूट. चार फुटांचे दार सोडले तर 176 फूट, म्हणजे 88 रोपे. पण माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी एकच बाजू घ्या. पन्नास फुटांची बाजू म्हणजे साधारण पंचवीस रोपे. पाच-सहा जास्तीची तयार ठेवा, मेलेल्या जागी लावायला. एक बाजू जमली की दुसरी घ्या.

चौथी गोष्ट पाण्याची. पंचवीस रोपांना दर आठ दिवसांनी तीन-तीन लिटर, म्हणजे 75 लिटर. पंधरा लिटरच्या पाच घागरी. माघाच्या शेवटापासून पाऊस येईपर्यंत पंधरा पाळ्या धरल्या तर सगळे मिळून 1125 लिटर पाणी होते. पाच हजार लिटरच्या टँकरचा चौथा हिस्साही नाही. हे पाणी विहिरीचेच पाहिजे असे नाही. भांडी विसळलेले, भाजी धुतलेले पाणी चालते. साबणाच्या सोड्याचे दाट पाणी मात्र रोपाला घालू नका. आळ्यात पालापाचोळा किंवा तुरीचा भुसा टाका, ओल धरून राहते.

पाचवी गोष्ट राखणीची. मोठ्या करवंदाच्या वाटेला जनावर जात नाही, कारण काटा दणकट आणि दुटोकी असतो. पण कोवळे रोप शेळीला फार आवडते. 2005 साली दुसऱ्यांदा लावले तेव्हा आठ रोपे शेळ्यांनी एका दुपारी साफ केली, आणि शेळ्या आमच्याच होत्या. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे बाहेरून बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांचा झाप लावा. इथे एक सावधगिरी सांगतो. सोपे पडते म्हणून पऱ्हाटीचे भारे कुंपणाला रचू नका. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात तिचे पतंग तुमच्याच कापसावर येतात. परस राखायला जाऊन शेत घालवायचे, असे व्हायला नको.

सहावी गोष्ट छाटणीची. रोप फूट-सव्वा फुटाचे झाले की पावसाळ्यात शेंडा खुडा. जीव दुखतो, पण खुडाच. शेंडा तसाच ठेवला तर झाड वर जाते आणि बुडाशी उघडे पडते. मग शेळी खालून आत येते. खुडले की बुडापासून फांद्या फुटतात. पुढे दरवर्षी फळे तोडून झाल्यावर, पाऊस सुरू होताना, कोयत्याने वरून आणि बाजूने सारखे करा. हिवाळ्यात छाटू नका. त्यानंतर फुले यायची असतात, छाटलेत तर फूल गेले आणि फळही गेले.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुले येतात. पांढरी, जाईसारखी, वास छान. चौथ्या-पाचव्या वर्षी कुंपण भरते. माझे 2005 चे कुंपण 2010 साली असे झाले की त्यातून कोंबडी जाईना.

जे होत नाही तेही सांगतो

इथे बसलेल्या काही जणांच्या मनात दुसरे चालू आहे, ते मला दिसते आहे. परसात कशाला, दोन एकरांत का लावू नये? कापसापेक्षा बरे पडेल का?

भावांनो, आपण या वाटेने अनेकदा गेलो आहोत. 2003 नंतर मोगली एरंडाचे वारे आले. बांधावर लावा, पडीकात लावा, त्याच्या तेलावर गाड्या चालतील, दारात पैसा येईल. किती जणांनी लावला आणि किती जणांचे बी विकले गेले? सफेद मुसळी आली, एमू पक्षी आले. रोप विकणाऱ्याने आणि पिल्लू विकणाऱ्याने पैसे केले. माल तयार झाला तेव्हा घेणारा नव्हता. माझ्या ओळखीच्या एका माणसाने एमूंना शेवटी रात्री माळावर सोडून दिले. म्हणून सांगतो, करवंदाचे मी गुणगान करतो आहे म्हणून उद्या कुणी शेतावर कर्ज काढून करवंदाची बाग लावू नका.

कारणे साधी आहेत. पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांवर टिकत नाही. तोडणी काट्यातून, एकेक फळ हाताने. मजुरी देऊन तोडाल तर फळाच्या पैशातला मोठा वाटा तोडणीतच जाईल. लोणचे घालणारा, सरबत करणारा किंवा मिठाईवाल्यांना चेरी पुरवणारा कारखाना जवळ असेल आणि त्याने आधी भाव ठरवला असेल, तरच पुढचा विचार करा. होय, केकवर आणि पानात लाल चेरी म्हणून जे लावतात, ते पुष्कळदा आपले करवंदच असते. बी काढून, पाकात मुरवून, रंग देऊन चेरी करतात. आपण ज्याला रानातले फुकटचे समजतो ते शहरात नाव बदलून विकले जाते. पण मधला पैसा कुणाकडे जातो हे या सभेला सांगायची गरज नाही.

त्या धंद्यासाठी मोठ्या फळाच्या जाती आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोंकण बोल्ड' ही जात काढली आहे. उत्तरेकडे पंतनगरच्या विद्यापीठाच्या 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन' आणि 'पंत सुवर्णा' या जाती आहेत. कुणाला दोन-चार झाडे लोणच्यासाठी लावायची असतील तर जरूर लावा. कुंपणाला मात्र आपले डोंगरातले काळे करवंदच बरे. रोपाला पैसा लागत नाही आणि आपल्या उन्हाची त्याला सवय आहे.

दुसरी गोष्ट रानडुकरांची आणि रोह्यांची. करवंद लावले की शेताची राखण सुटली, असे मी म्हणणार नाही. रोही उंच कुंपणावरून उडी मारतो. डुक्कर खालून मुसंडी मारते, जिथे फट सापडेल तिथून शिरते. बुडापासून भरलेले कुंपण त्याला अडवते, पण भुकेला कळप आला तर खात्री देता येत नाही. गुरे आणि शेळ्या यांच्यासाठी करवंदाची भिंत पक्की. रानडुकराचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर आपल्याला वेगळेच भांडावे लागेल. झुडपाच्या अंगावर सगळे ओझे टाकू नका.

पैसे कुणाचे?

मग फायदा काय? फायदा असा. पंचवीस-तीस वर्षे टिकणारे कुंपण, ज्याला पहिल्या दोन वर्षांनंतर खर्च नाही, गंज नाही, चोर नाही. घरापुरते लोणचे. ज्वारीची भाकर, कांदा आणि करवंदाचे लोणचे असले की कालवण नसले तरी जेवण होते. कच्ची करवंदे फोडून, बिया काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली की चीक जातो. मग मोहरी, तिखट, हळद आणि थोडा गूळ. पिकत आलेल्या फळांना गूळ घालून आटवले तर मुरांबा घट्ट होतो, वरून काही घालावे लागत नाही. आणि घरात खाऊन उरतील ती पाच-दहा किलो करवंदे आठवडी बाजारात. त्यातून लाख मिळणार नाहीत. काही शे रुपये मिळतील.

हे काही शे रुपये कुणाचे, हा प्रश्न मी आज मुद्दाम या सभेत विचारतो आहे. आमच्या घरात आता उत्तर ठरलेले आहे. रोपांना पाणी बायकोने घातले, शेळ्या तिने हाकलल्या, काटे तिच्या हाताला लागले. कुंपणाचे पैसे तिचे. मी विचारत नाही किती आले आणि ती सांगत नाही. दर पंचमीला माझी बहीण येते, जाताना दोघींचे काहीतरी कुजबुजणे चालते. मी ओसरीवर बसलेला असतो. मला तिकडे बघायचे कारण नाही.

सभेतल्या पुरुषांना माझे एवढेच मागणे आहे. कुंपण लावा, पण फळ आले की त्याचा हिशेब मागू नका. त्या पैशातून बियाण्याची उधारी फेडू म्हणू नका. कापसाचा भाव पडला म्हणून करवंदाच्या पैशावर डोळा ठेवू नका. कापसाच्या भावासाठी आपण रस्त्यावर उतरू. तो तोटा घरातल्या बाईच्या कनवटीतून भरून काढायचा नाही.

आणि मायबहिणींनो, तुम्ही कुणाची परवानगी मागत बसू नका. परसातली एक बाजू, पंचवीस पिशव्या, आठवड्याला पाच घागरी पाणी. यासाठी ना बँकेत जायचे, ना तहसीलात. रोपे कुणी फुकट वाटील म्हणून थांबू नका. वाटलेली रोपे भाद्रपदात येतात, पाऊस संपत आल्यावर, आणि फोटो काढून झाला की वाळून जातात. आपले बी आपण धरायचे.

मी येताना पिशवीत थोडी रोपे आणली आहेत. वर्षाची झालेली, वीत-सव्वा वीत उंचीची. सभा संपल्यावर मागच्या दाराशी ठेवतो. एका घराला दोन, जास्त नाहीत. दोन रोपांनी कुंपण होत नाही हे मला कळते. पण दोन रोपे चार वर्षांनी फळ देतील, त्या फळांत शंभर रोपांचे बी असेल. ते तुमच्या गावातल्या पुढच्या घराला द्या. माझ्याकडेही बी असेच आले. आजीच्या कुंपणातली करवंदे आईने कधीतरी शेजारणीला दिली होती आणि तिच्या परसात कोपऱ्याला एक झुडूप उरले होते. मी आमचे मुळासकट काढले, पण ते एक वाचले. माझे सगळे कुंपण त्या एका झुडपाच्या पोटचे आहे.

एवढेच सांगायचे होते. रोपे उन्हात ठेवू नका, आणि घरी गेल्यावर आधी पाणी द्या.